खोली बारा

मुलांनो, समजा शहराबाहेर एक विद्यापीठ आहे. आवार एवढं ऐसपैस, की फाटकापाशी लागलेली भूक वर्गात पोचेपर्यंत मरून जाते. तिथे एका घरातलं शेंडेफळ प्रवेशाच्या तोंडी परीक्षेला आलं. सूचना सोपी होती: खोली बारा, सकाळी दहा. जो गैरहजर, त्याची जागा गेली.

निघताना थोरल्या भावाने बजावलं होतं, "कुणाला विचारत बसू नकोस. नवखा दिसलास की गंडवतात. गपचूप पाट्या वाच."

शेंडेफळाने पाट्या वाचल्या. तळ्याच्या काठी वेलीआडून एक पाटी डोकावत होती: 'खोली १२'. शेजारी बाक होता. शेंडेफळ बसलं.

थोड्या वेळाने एक चष्मेवाली आली. "हीच का खोली बारा?"

"पाटी काय म्हणते?"

"पण भिंती कुठायत?"

"नवं विद्यापीठ आहे. होतील हळूहळू."

चष्मेवालीला ते पटलं. ती बसलेली पाहून आणखी दोघं बसले, आणि एवढे सगळे चुकतील कसे, म्हणून बाकीचेही आले. वॉचमनकाकांनी आपणहून सरांसाठी खुर्ची आणून ठेवली.

दहा वाजून गेल्यावर सर धापा टाकत आले. "दुसऱ्या मजल्यावर मी एकटा माश्या मारतोय, आणि तुम्ही इथे सहलीला बसलात?"

"सर, खोली बारा," शेंडेफळाने पाटी दाखवली.

"अरे दिवट्या, ही तळ्याची खोली! बारा फूट! हे बघ..." सरांनी वाकून वेल बाजूला सारली. 'फूट' हा शब्द दिसला. पाठोपाठ सर दिसेनासे झाले.

"बुडालो!" सर ओरडले आणि उभे राहिले. पाणी गुडघ्याएवढं होतं.

"म्हणजे सर, पाटीच चुकलीय," शेंडेफळ आदराने म्हणालं.

सर निथळत काठावर चढले. "पाच मिनिटांत वर या. नाही आला तो घरी!" एवढं बोलून ते पचक पचक करत निघून गेले.

जागा जायची वेळ आली, तेव्हा शेंडेफळाने भावाचा सल्ला मोडला. "काका, खरी खोली बारा कुठे आहे हो?"

"विचारतोस कशाला? सरांची ओली पावलं आहेत की!"

पावलांमागून सगळे जिना चढले. दारावर ठळक पाटी होती: 'खोली १२'. बाकीचे धडाधड आत घुसले. शेंडेफळ मात्र उंबऱ्यावर थांबलं. त्याने एक पाय हळूच आत टेकवून पाहिला, आणि मगच विचारलं, "येऊ का सर?"