चालू द्वारयंत्रात हात घातल्याची हकीकत

श्री. जळाची धनीण आई प्रसन्न असो, लिहिणाराचा हात स्थिर राहो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, भाद्रपद शुद्ध षष्ठी, दोन प्रहरी आमच्या मुलखाचे धरणावर जो प्रसंग गुदरला तो डोळां देखिला तैसा लिहितो. पदरचे तिखटमीठ घातले नाही, गरजही नव्हती.

धरण मातीचे, दरवाजे सात, आणि सातांसही उचलणारे द्वारयंत्र एकच, कपाटाएवढे, आत विजेची कार्डे ओळीने बसविलेली. यंत्राचे अधिपती अंताजीपंत धारप, थोर पुरुष. कार्ड बिघडले की यंत्र चालू असताच जुने उपटावे आणि नवे खुपसावे, हा त्यांचा तीस वर्षांचा लौकिक, आणि मंडळी वाहवा करीत. कारण त्या मुलखी चाल ऐसी की, यंत्र जो बंद करील त्याने वहीत सही करोन दरबारी जाब द्यावा. चालू यंत्रात हात घालणारास कोणी पुसत नसे. मग बंद कोण मरायला करतो? नवी कार्डेही वर्षा-दीड वर्षात मरत, आणि शिव्या कारखानदारास पडत.

त्या दिवशी मुख्य कार्ड गेले आणि दरवाजे जागचे हलेनात. पाणी माथ्याखाली दीड हात आणि चढते. हाताने उचलावे तर एकेका दरवाजास दीड प्रहर, तोवर मातीची भिंत कशाची टिकते! खाली आंबेवळण गाव, वस्ती दोन हजार. पंतांची मदतनीस सगुणाबाई तांबट, विजेचे कामी निष्णात, तिचे माहेर तेच, आणि आई अंथरुणास खिळलेली. शिलकीत कार्डे दोन. पंतांनी बाह्या सारिल्या आणि पहिले चालू यंत्रात खुपसले. चट्ट करोन ठिणगी उडाली, जळका वास सुटला, आणि कार्ड जळोन कामी आले.

पंत दुसऱ्यास हात घालतात तो सगुणाबाई आडवी जाहली आणि बोलिली, "साहेब, हात लावू नका! चालू यंत्रात बसवायच्या कार्डाची अर्थिंगची पिन लांब असते, ती आधी टेकते. याच्या सगळ्या पिना सारख्या. दुसरीच आधी टेकली की वीज भलत्या वाटेनं शिरते. आता एकच उरलंय."

पंत बोलिले, "आणि बंद केलं नि परत उठलंच नाही तर? उठायला नऊ मिनिटं लागतात. पाणी बघितलंस का?"

"माझी आई आहे खाली. तुमच्याहून जास्त बघितलंय."

"सही कोण करणार?"

"मी करते. तुम्ही व्हा बाजूला."

ऐसे म्हणोन बाईने खटका पाडिला, आणि यंत्रात कोंडलेली वीज निवेपर्यंत थांबली, आणि अंगची वीज उतरावी म्हणोन मनगटास तार बांधिली, आणि मग कार्ड बेताने दाबोन बसविले, आणि खटका चढविला. नऊ मिनिटे! कोणी शिंकले नाही. पाणी माथ्याखाली वीतभर उरले, तो हिरवा दिवा लागला आणि सातही दरवाजे करकरत वर गेले, आणि पाणी शिस्तीने नदीस लागले. आंबेवळणचा एक उंबरा भिजला नाही. बाई मटकन बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

आठवे दिवशी दरबारचा कागद आला की, ऐन पुरात यंत्र बंद केले, सबब सगुणाबाईची बदली. जळक्या कार्डाविषयी अक्षर नाही! काय म्हणावे या अकलेस? मग पंत उठले, दरबारी गेले आणि भर सभेत बोलिले, "कार्ड मी जाळलं. मागची मेली तीही बहुतेक माझ्याच उपटाउपटीनं. ठिणगी दिसली नाही म्हणून इजा झाली नाही असं धरून चाललो. बदली करायची तर माझी करा."

वडील कारभारी हळूच बोलिले, "पंत, तीस वर्षांचं नाव घालवताय."

"घालवतोय. गाव गेलं असतं, तर हे नाव घेऊन कुणाच्या दारात उभा राहिलो असतो?"

बदली रद्द.

सारांश, धरण उभे आहे, गाव नांदते आहे, सगुणाबाईची आई उशाशी पेज मागते आहे. आणि कार्ड बदलण्याचा समय येता अंताजीपंत दोन्ही हात पाठीशी बांधोन दारातच थांबतात आणि पुसतात, "बाई, बंद केलंत का? मग येऊ का आत?"