मोठ्यांना झेंडा नाय

डहाणू रोड स्टेशनाबाहेरच्या आपल्या खानावळीत भिकूदादांनी एकदा खुद्द मामलेदारांना झेंडा नाकारला होता. साहेब गमतीनं म्हणाले, "आमच्याही भातावर लावा की एक!" दादा ताडकन म्हणाले, "मोठ्यांना नाय. कोबेला पण नाय."

हे कोबे जपानातलं. धाकटी डहाणू गावचे दादा तरुणपणी बोटीवर स्वयंपाकी होते. कोबेच्या एका हॉटेलात त्यांनी मुलांचं खास ताट पाहिलं. मधोमध भाताची मूद, भोवती सगळं थोडं थोडं आणि मुदीवर कागदी झेंडा. दादांनी बोट सोडली, पण ते ताट काही डोक्यातून गेलं नाही. इथं खानावळीत ते मुलांना तसंच ताट वाढत. मुदीभोवती तळलेला मासा, बटाट्याची भाजी आणि चिकूची फोड असे. चिकू भाजीला टेकला, तर ताट परत आत! "कोबेला असं चालत नाय!" डहाणूला काय काय चालतं, हे त्यांना कोण सांगणार?

आम्ही तेव्हा तलासरीला होतो. माझी पाच वर्षांची मंगल विषमज्वरातून उठली, पण अन्नाला शिवेना. नुसती काडी झाली होती. डहाणूचे डॉक्टर म्हणाले, "औषधाचं काम झालं. आता खाल्लं तरच पोर जगेल." दवाखान्यातून निघाले ती रडवेली होऊन दादांच्या बाकावर टेकले.

दादांनी ताट मांडलं. मंगलनं तोंड फिरवलं. मी विनवण्या करू लागले, तर दादा माझ्यावरच डाफरले, "बाय, तू गप बस!" मग तिला म्हणाले, "खाऊ नको. बाजूबाजूनं भात काढ फक्त. झेंडा पडला नाय पाहिजे."

"काढलेला भात ठेवू कुठं?"

"तोंडात! दुसरी जागा हाय काय?"

पोरगी हसली हो! आणि शेवटच्या घासापर्यंत झेंडा उभा राहिला. मग दर आठवड्याला आमची फेरी ठरलेली. मंगलनं बाळसं धरलं. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पुढं आमची बदली झाली. निरोप घ्यायला गेलो, तर मंगल सरळ चुलीपाशी गेली, वाटीनं मूद पाडली, झेंडा खोचला आणि ताट दादांपुढं ठेवलं.

"मोठ्यांना नाय, पोरी."

"कोण म्हणतं?"

"कोबेला म्हणाले. मी मागितलं होतं तिथं." दादा खाली बघत म्हणाले, "आई लवकर गेली. लहानपणी मला कोणी असं मांडून वाढलं नाय. म्हटलं, एकदा खाऊन बघू. सगळे हसले."

"इथं चालतं," मंगल म्हणाली. "बसा. झेंडा पाडायचा नाही हं."

दादा बसले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण बाजूबाजूनं इतकं जपून खात होते, की झेंडा जरासुद्धा हलला नाही.