दिगंबर बगळ्याचं हवाई अंतर

एका जंगलाचं, बालमित्रांनो, हल्ली शहर झालं होतं. म्हणजे झाडं तीच, तळं तेच; फक्त नाव तळेनगर ठेवलं होतं.

तिथे दिगंबर नावाचा बगळा राहायचा. कोणतं गाव किती लांब, हे त्याला तोंडपाठ. "रस्त्याचं विचारू नका," मान उंच करून तो सांगायचा, "हवाई अंतर विचारा."

त्याची थोरली बहीण सुगंधाताई दूर खाडीनगरला दिलेली होती. चालत गेलं तर तीन महिने. दिगंबर उडाला तर सकाळी निघून दुपारी ताईच्या पंगतीला. हे गणित तो दर भाऊबीजेला घरी बसून सगळ्यांना समजावायचा.

यंदा ताईचा निरोप आला. "दिगू, तू येत नाहीस म्हणून दरवर्षी चंद्राला ओवाळते. चंद्र काही लाडू खात नाही. या खेपेला ये रे. मला आता कमी दिसतं. एकदा तुला डोळे भरून पाहू दे."

दिगंबरनं लगेच जाहीर केलं, "जाणार म्हणजे जाणारच!"

हे ऐकून शेजारचे धोंडोपंत कासव श्रावणातच निघाले. ताई माहेरी असताना तिच्या हातचे अनारसे त्यांनी खाल्ले होते.

"अहो, आत्तापासून?" दिगंबर हसला.

"लांब आहे रे बाबा," धोंडोपंत म्हणाले.

भाद्रपद गेला, आश्विन गेला. भाऊबीजेच्या सकाळी दिगंबरनं पंख विंचरले. मग मासे खाल्ले. मग एका खारीला हवाई अंतर समजावलं. मग वारा फिरेपर्यंत म्हणून जरा डोळा लावला. जागा झाला तेव्हा उन्हं कलली होती.

उडाला मात्र तो खरोखर वेगात. वाटेत धोंडोपंत दिसले नाहीत. बिचारे, असं वाटून त्याला त्यांची कीव आली.

तो पोचला तेव्हा बीजेची कोरही मावळली होती. अंगणात पाट, पाटावर धोंडोपंत, तोंडात अनारसा. ताईला नीट दिसत नसल्यानं कुंकू कपाळाऐवजी त्यांच्या पाठीवर लागलं होतं.

"ताई, मला ओवाळ ना!"

"निरांजन विझलं रे. तूप संपलं." ताईनं चाचपडत त्याच्या मानेवरून पंख फिरवला. "इतका उशीर?"

"अगं, मी तर इथल्या इथे राहतो!"

"तेच तर. धोंडोपंतांना लांब पडतं, म्हणून ते वेळेवर निघाले."

दिगंबरला रडू आलं आणि स्वतःचं हसूही आलं. इतका जवळचा भाऊ वैऱ्याच्याही बहिणीला मिळू नये, असं त्याला वाटलं.

"असू दे," ताई म्हणाली. "उद्या उजाडलं की पाहीन तुला पोटभर."

दिगंबर पंख विंचरू लागला. उद्या सकाळी तळेनगरात त्याचं हवाई अंतरावर व्याख्यान होतं.

तात्पर्य: मुलगी कितीही लांब दिली तरी चालते, तिला भाऊ तेवढा बिनपंखांचा पाहावा.