सत्तर टक्क्यांचा हात

उस्तादांच्या खिडकीखालून सकाळपासून सातवं डोकं केसांच्या त्याच कटमध्ये गेलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. डावा हात. उजव्याचं मनगटापाशी ऑपरेशन होऊन महिना झाला होता आणि त्यांचं सलून मेहुण्याच्या ताब्यात होतं.

"बघितलंस? सगळे सोललेल्या बटाट्यासारखे!"

"माझ्या भावाला नावं ठेवायची नाहीत," भांडी घासता घासता बायको म्हणाली. "एकटा दुकान सांभाळतोय तुमचं."

"अगं, त्याला एकच कट येतो! तीस वर्षांची गिऱ्हाइकं पळतील माझी!"

पण कात्री आणि उस्ताद यांच्या मध्ये एक आकडा उभा होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दोन्ही मनगटांवर एकेक पट्टा बांधला होता. तो हाताची हालचाल मोजायचा. उजवा हात डाव्याच्या सत्तर टक्के हलू लागला की सलून, तोवर घर.

"माझ्याही मनात आहे हो तुम्ही लवकर बरं व्हावं," बाई म्हणाल्या होत्या. "आमचे हे मागच्या रविवारी तुमच्या दुकानात जाऊन आले. तेव्हापासून घरातसुद्धा टोपी घालतात."

आकडा मात्र एकतीसवर फतकल मारून बसला. बसणारच! दुखेल या भीतीने उस्ताद उजवा हात उशीवर ठेवून सगळं डाव्यानेच करत होते. शेवटी त्यांनी उजवा पट्टा छताच्या पंख्याला बांधला. तो सुटला आणि खिडकीतून थेट शेजारणीच्या बादलीत पडला.

मग त्यांनी बायकोला गाठलं. "हा पट्टा आठ दिवस तू घाल ना."

"मी? डॉक्टरांना फसवायचं?"

"फसवायचं कसलं? तुझाही उजवा, माझाही उजवा!"

दिवसभर घरात कटकट ऐकण्यापेक्षा हे बरं, म्हणून तिने पट्टा घातला.

आठवड्याने दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन पाहिली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. "दोनशे साठ टक्के?"

"मेहनत घेतली हो जरा," उस्ताद लाजून म्हणाले.

"जरा? पहाटे पाचला सुरू, रात्री अकराला बंद! मध्ये वीस मिनिटांचाही विसावा नाही. असा कुठे हात वापरतात? कामातून जाईल! सहा आठवडे सक्त विश्रांती. कात्री राहू द्या, चमचासुद्धा उचलायचा नाही."

सहा आठवडे! तोवर सगळं गाव बटाटा होईल. उस्तादांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, तो हात माझा नाही, हिचा आहे!"

बाईंनी उस्तादांकडे असं पाहिलं की ते खुर्चीत निम्मे झाले. मग त्या बायकोकडे वळल्या. "दाखवा बघू हात. मुंग्या येतात?"

"येतात की. दोन वर्षं झाली. त्यात काय सांगायचं?"

उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावातल्या प्रत्येक डोक्यावरचा भोवरा त्यांना पाठ होता आणि घरातला हात त्यांनी कधी धड पाहिला नव्हता.

"विश्रांती यांना," बाई उस्तादांना म्हणाल्या. "आणि पट्ट्यासकट यांची सगळी कामं तुमच्या उजव्या हाताला. हळूहळू. दुखलं की थांबायचं."

पहिल्या दिवशी दोन कप फुटले. दुसऱ्या दिवशी पिळलेली चादर उस्तादांच्याच गळ्यात पडली. बायको खुर्चीत बसून हसून हसून लोळायची बाकी होती. पण आकडा चढत गेला आणि पाचव्या आठवड्यात बहात्तरवर पोचला.

उस्ताद धावतच सलूनमध्ये गेले. दारात टोपी घातलेले एक गृहस्थ आधीच उभे होते. त्या दिवशी कात्री अशी चालली की मेहुणासुद्धा तोंडात बोट घालून बघत राहिला.

दोन दिवसांनी स्क्रीन बघून दवाखान्यातून घरी फोन आला. "आकडा एकदम एकोणपन्नास?" डॉक्टरीणबाई घाबरल्या होत्या. "हात इतका छान सुधारत होता! काय बंद केलंत?"

उस्तादांनी हवेतच कात्री चालवून पाहिली. कात्रीला बोटं लागतात, मनगट फारसं हलत नाही, हे त्यांना तीस वर्षांत कळलं नव्हतं.

"भांडी," शेजारून बायकोने सांगितलं.

"मग ती रोज चालू ठेवा. नाहीतर सलून बंद!"

बायकोने फोन ठेवला, घासणी त्यांच्या उजव्या हातात दिली आणि ओट्यावरच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"चला उस्ताद, गिऱ्हाईक थांबलंय."