जुन्या अर्थाने फ्री

दाताच्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या सूनबाईने वर्षात पहिल्यांदा रजा काढली, आणि सकाळी सातला घरच्या ग्रुपवर चार शब्द टाकले, "आज मी फ्री आहे."

तिला म्हणायचं होतं, आज मला कुणी हाक मारू नका. रहस्यकादंबरीची शेवटची चाळीस पानं उरली होती. पुस्तक संध्याकाळी सहाला वाचनालयात परत द्यायचं होतं आणि पुढच्या वाचकाने तीनदा चौकशी केली होती. खुनी कोण हे न कळता पुस्तक परत करायचं, म्हणजे भरल्या ताटावरून उठायचं. पण दवाखान्यात ती दिवसभर "डॉक्टर चार वाजता फ्री आहेत" असं सांगत असे आणि सांगता सांगता ती चारची वेळ भरून जात असे. हे मात्र त्या आनंदात तिच्या ध्यानात आलं नाही.

पहिलं पान उलटतंय तोच सासूबाई दारात.

"फ्री आहेस ना गं? मग माळा आवरू या. तू वर चढ, मी खालून सांगते."

माळा अर्धा होतोय तोवर नणंद आली. काखेत आठ पडद्यांचं गाठोडं.

"वहिनी, ग्रुपवर वाचलं आणि म्हटलं, देव पावला. नुसती खालची पट्टी दुमडायचीय. तासाभराचं काम."

"आठांचं?"

"एकाचं."

तेवढ्यात ऑफिसातून नवऱ्याचा फोन. "ऐक ना, आमच्या साहेबांची दाढ दुखतेय. तू आज फ्री आहेस, असं सांगून टाकलंय मी. चार वाजता तू त्यांच्याबरोबर तुमच्या दवाखान्यात गेलीस, तर नंबर लवकर लागेल."

म्हणजे रजेच्या दिवशी तिने जायचं कुठे, तर दवाखान्यात.

तीन वाजले तेव्हा सूनबाई स्टुलावर उभी होती. केसांत जळमटं, खांद्यावर पडदा आणि वाचून झालेली पानं दीड. तशात सासरे झोपेतून उठून बाहेर आले. ते इंग्रजीचे निवृत्त मास्तर. कुठलाही शब्द दिसला की त्याचं कूळ सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे, म्हणून घरात त्यांच्यासमोर कुणी इंग्रजी बोलतच नसे.

"ग्रुपवर फ्री कोणी लिहिलंय?"

"मी, बाबा. चुकलंच माझं."

"चुकलं कसलं? अगदी बरोबर आहे. फ्री म्हणजे मुळात लाडकं, जिवलग माणूस. फ्रेंड हा त्याचा सख्खा भाऊ. जुन्या काळी घरात जी मायेची माणसं असत, ती फ्री. आणि त्याच घरात राबणारी बाकीची, ती गुलाम."

"झालं सुरू," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे आज ही लाडकी आणि आम्ही गुलाम होय?"

"तसं असेल, तर मग स्टुलावर कोण उभं आहे?"

नणंदेने पडद्याकडे पाहिलं, सासूबाईंनी स्टुलाकडे. मग त्यांनी पदर खोचला.

"उतर गं खाली. आणि तुम्ही चढा वर. शब्दांची कुळं काढता, आता जळमटं काढा."

नणंद गाठोडं उचलून शिवणयंत्रापाशी गेली. "सुई तरी ओवून दे, वहिनी," एवढंच म्हणाली. मास्तरांनी स्टुलावरूनच मुलाला फोन लावला, आणि साहेबांना घेऊन नवऱ्यालाच जावं लागलं. तिथे दोन तास बसल्यावर नंबर लागला, कारण फोन घ्यायला त्या दिवशी कुणीच नव्हतं.

पावणेसहाला सूनबाई वाचनालयात पोचली. खुनी कोण ते तिला कळलं होतं, आणि रांगेतल्या पुढच्या वाचकाला ते न सांगण्याचं पुण्यही तिने पदरात पाडून घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी नवऱ्याने ग्रुपवर लिहिलं, "आज मी फ्री आहे. जुन्या अर्थाने."

मिनिटभरात सासूबाईंचं उत्तर आलं, "हो रे माझ्या लाडक्या. नव्या अर्थाने पाण्याची टाकी धुऊन घे."