खंदकापलीकडची भट्टी

शत्रू असल्याशिवाय तटबंदी उभारता येत नाही, हा एक जुना गैरसमज आहे. तट आधी उभारावा. शत्रूची सोय तो स्वतःच करतो. बल्गारांच्या खानाने ग्रीकांना अडवायला थ्रेसच्या सीमेवर मातीचा तट घालायला काढला, तेव्हा ही गोष्ट कायमची सिद्ध झाली.

नियम सोपा होता. खणलेली माती पडते ती बाजू आपली, खंदक उरतो ती शत्रूची. आखणीची दोरी नाकासमोर सरळ धरायची, असाही सक्त हुकूम होता. (देखरेख अधिकारी मोस्तिच यांची नासपतीची बाग वाटेत आली, तिथे दोरीने आपखुशीने वळण घेतले.) पुढच्या टप्प्यावर तिहोता नावाचा गावकरी खणत होता. तिथे दोरी नेमकी त्याची झोपडी आणि त्याच्या आईची भाकरीची भट्टी यांच्यामधून गेली. त्याने जरासे वळण मागितले.

"वळण संपलं," मोस्तिच म्हणाले. "होतं तेवढं वापरलं. आईलाच इकडे आण."

"आणि भट्टी कोण उचलणार, तुझा तो खान?" आई वेल्का म्हणाली. "मी हलायची नाही. तू खण गुपचूप. भूक लागली की हाक मार."

तिहोताने खणले. सगळ्या खणणाऱ्यांना भाकरी वेल्काच पुरवायची. तट बांधण्यात शत्रूने इतके सहकार्य केल्याचे उदाहरण विरळा.

काम झाल्यावर तिहोताला तटावर पहाऱ्याला उभे केले. पहिल्याच सकाळी शत्रू दिसला. त्याच्या डोक्यावर टोपली होती.

"आई, पुढे येऊ नकोस! मला ओरडावं लागेल!"

"मग ओरड की! जन्मल्यापासून दुसरं काय केलंयस? धर, गार होतेय."

तिने भाकरी वर फेकली. ती शेजारच्या पहारेकऱ्याच्या तोंडावर बसली. (गरम होती.) शत्रूने मारा केल्याचे वर कळवण्यात आले. ग्रीक फौज कित्येक वर्षांत तिकडे फिरकली नव्हती. तटाची गरज अशी प्रथमच सिद्ध झाली, आणि उंची वाढवण्याचा हुकूम सुटला. ती तिहोतानेच वाढवली. कामाला तो चोख होता. भाकऱ्या खंदकात पडू लागल्या, तरी मारा थांबेना, म्हणून उंची आणखी वाढली. शेवटी टोपली यायची बंद झाली. भट्टीचा धूर तेवढा दिसायचा. रोज सकाळी तो दिसला की तिहोताला बरे वाटायचे.

ऐन थंडीत एका सकाळी धूर दिसला नाही. तिहोता धावत मोस्तिचकडे गेला.

"सरकार, एकदाच पलीकडे जाऊ द्या. पाया पडतो."

मोस्तिच माणूस वाईट नव्हते. "शत्रूचं बोलावणं आल्याशिवाय जाता येत नाही रे. येऊ दे, मी स्वतः शिडी धरतो."

बोलावणे आले नाही. धूरही नाही. सीमा पूर्ण शांत झाल्याबद्दल तिहोताला तांब्याच्या बकलाचा पट्टा बक्षीस मिळाला. पट्टा बांधून तो तटावर बसला आणि ढसाढसा रडला. (पहाऱ्यावर रडण्याविषयी नियम नव्हता.)

वाचकांना मोस्तिचचा राग आला असेल. रास्तच आहे. माती मात्र त्यांनी एक फावडेभरही टाकली नव्हती. असो. आपल्या भिंतीपलीकडे कोण राहते, आज त्यांच्याकडे चूल पेटली का, हे आपल्याला ठाऊक असेलच. नसेल, तर अभिनंदन. पट्टा घरपोच येईल.