सहाच्या वरची फॅट

जी वस्तू मोजता येत नाही ती सरकारदरबारी अस्तित्वात नसते, आणि जी मोजता येते ती नसली तरी चालते. याच तत्त्वावर पालीच्या अलीकडे मेंढी-दुग्ध संशोधन केंद्र उभं राहिलं. कर्मचारी अकरा, संगणक सात, मेंढ्या शून्य. (कोकणातला पाऊस मेंढीला मानवत नाही, ही बाब इमारत पूर्ण झाल्यावर निदर्शनास आली.) तरी चार वर्षांत केंद्राने तीन अहवाल काढले. मेंढ्यांचा व्यत्यय नसल्याने तिन्ही वेळेत निघाले.

दूध तपासायला दीपाली गुरव होती. राजापूरची, शिकलेली, आणि दुर्दैवाने कामाची आवड असलेली.

भातं कापून झाली की घाटावरचे मेंढपाळ खाली उतरतात आणि खतासाठी शेतात मेंढरं बसवतात. यंदा गोदाबाईचा कळप आला. पिल्लांना पाजून उरलेलं दूध ती रावजीच्या चहाच्या टपरीवर देई. रावजीला चहावर बोटभर साय दिसली आणि त्याला संशय आला. इतकं दाट दूध प्रामाणिक माणसाकडे कुठून येणार? त्याने ग्रामपंचायतीत तक्रार केली. ठराव झाला: दूध केंद्रात तपासून घ्यावं आणि भेसळीचं निघालं तर कळपाने त्याच दिवशी गाव सोडावं.

"पिल्लं आठ दिसांची हायेत," गोदाबाई दीपालीला म्हणाली. "आत्ता घाट चढवला तर निम्मी वाटंतच ऱ्हातील."

दीपालीने समोर धार काढून घेतली आणि नमुना यंत्रात घातला. यंत्र गाईच्या दुधासाठी जुळवलेलं होतं. फॅट सहाच्या वर गेली की ते लाल अक्षरांत लिही: भेसळ. गोदाबाईच्या दुधाला साडेसात फॅट लागली. दीपालीने आम्ल घालून, नळी फिरवून, जुन्या पद्धतीने हाताने तपासलं. साडेसातच, मेंढीच्या दुधाला असते तेवढीच.

संचालक डॉ. महिपत सुर्वे शांत गृहस्थ होते. "हाताने केलेली चाचणी म्हणजे तुमचं मत झालं, गुरव मॅडम. यंत्राला मत नसतं."

"सर, यंत्र मेंढीच्या दुधासाठी जुळवून घेऊ या."

"अवश्य. त्यासाठी मेंढीचं प्रमाणित दूध लागेल."

"ते कुठे मिळेल?"

"कुठेही मिळेल. फक्त ते आपल्या यंत्रातून प्रमाणित झालेलं हवं."

दीपाली प्रयोगशाळेत परतली. बराच वेळ नळाकडे बघत बसली. मग तिने तीन वाट्या दुधात एक वाटी पाणी घातलं. यंत्र हिरवं झालं: शुद्ध, उत्तम दर्जा. (अहवालात याची नोंद 'नमुन्याचे सुसूत्रीकरण' अशी आहे.)

कळप राहिला. प्रमाणपत्र द्यायला दीपाली स्वतः शेतात गेली आणि काय केलं ते तिने गोदाबाईला सांगून टाकलं. गोदाबाईने कागद उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजी आता रोज पानी घालून द्यायचं?"

"टपरीवर द्यायचं असेल तर... हो."

"मग नगं देयाला. पानी घालून दूध कधी दिलं न्हाई, आन् आता ह्या वयात शिकायचं व्हय?"

तिने उरलेलं दूधही पिल्लांना पाजलं. महिन्याभरात पिल्लं गुबगुबीत झाली आणि कळप घाट चढून गेला. जाताना गोदाबाईने वाडीवाडीत निरोप घेतला. केंद्राच्या फाटकावरून मात्र तशीच पुढे गेली. दीपाली खिडकीत उभी होती. तिने हात उचलला, पण हलवायचं धैर्य झालं नाही.

केंद्राचा चौथा अहवाल गाजला. प्रमाणित मेंढीदुधाची व्याख्या ठरली: दूध तीन भाग, पाणी एक भाग. दीपालीला अचूकतेबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते घेऊन तिने बदलीचा अर्ज केला. तो मंजूर झाला नाही, कारण इतका अचूक माणूस सोडणं केंद्राला परवडणारं नव्हतं.

आता तपासणी जिल्हाभर होते. आज सकाळी तुमच्या दारात आलेली पिशवीही तपासलेली आहे, तेव्हा निर्धास्त प्या. यंत्र पहिल्याच झटक्यात हिरवं झालं होतं.